रेषेवरचं माणूस

नाही नाही, ते मेडल आधी खिशात घाल बघू. घाल. कोल्बीच्या गळ्यातून काढून आणलंस की काय – शोधत बसेल ना तो बिचारा, पहिलंच मेडल त्याचं. रोशेल ना तू? सकाळी मोजे वाटत होते तेव्हा नाव सांगितलं होतंस. मी सायमा. आणि उभी राहू नकोस अशी, लोकांना वाटेल भांडायला आलीयेस. बस इथे. ती पिशवी – नको, राहू दे तिथेच, मीच सरकते. त्यात घंटा आहे, हलवली की वाजते, आणि या जिममध्ये उगाच वाजली तर सगळे वळून बघतील.

हे बघ, तुझ्या पोरानं काही चोरलेलं नाही. माझा भाऊ पुढे होता, हे तू पाहिलंस, सगळ्यांनीच पाहिलं. आर्वो रेषा ओलांडून टोपी काढून उभा राहिला, तेव्हा तुझा कोल्बी अजून त्या झेंड्यापाशी पायाला बांधलेले ते बर्फावर पळायचे जाळीचे बूट सोडवत होता. आणि तरी मेडल कोल्बीला, आर्वोला नुसती फीत. म्हणून तू आलीस परत करायला. चांगली आहेस, पण चूक काही झालेली नाही. नियम आहे. सकाळी सगळ्यांना एकदा पळवलं ना, ती शर्यत नसते, ती नुसती बघायला – कोण किती वेगाचा. मग सारख्याला सारखे लावून गट पाडतात, म्हणजे एकानं पळून जायचं आणि बाकीच्यांनी त्याची पाठ बघायची असं होत नाही. आणि दुपारी खरी शर्यत. आता दुपारी एखादा सकाळपेक्षा फारच जोरात पळाला – थोडाबहुत चालतो, फारच म्हणते मी – तर तो बाद. सकाळी मुद्दाम हळू पळाला असं धरतात. आणि लोक करतात गं तसं. ही मनानं लहान राहिलेली पोरं नाही करत, त्यांचे आई-बाप करतात. एक बाप होता इथे, मी स्वतः ऐकलंय, पोराला कानात सांगत होता – सकाळी चाल, दुपारी पळ. पन्नाशीचा बाप्या, चांगली नोकरी, आणि पोराच्या गळ्यात पत्र्याचं मेडल पडावं म्हणून ही अक्कल.

हा नियम नवीन लोकांना आई समजावायची. माझी आई, हेल्मी. याच बाकावर बसून. तुझ्यासारखी कुणी नवीन दिसली की तिला पकडायचीच, हातात कॉफी द्यायची आणि सुरू. आणि बाद झाला कोण, तर तिचाच आर्वो. तिला सांगितलं असतं तर – असो.

आई? नाही, नाही आली या वेळी. गुडघा धरलाय तिचा. शहाऐंशीची आहे ना, थंडीत धरतो. हो, हो, शेकते की. सांगेन तिला, तू विचारत होतीस म्हणून.

हं, सुरू झाला बघ माईक. हे तुला कुणी सांगितलं नसेल, आमच्याकडे जेवणाच्या आधी हे असतं. एकेक जण वर जातो, मेडल असो नसो, आणि माईकवर एकच सांगायचं – रेषेवर माझ्यासाठी कोण उभं होतं. बस, तेवढंच. कुणी आई म्हणतं, कुणी काका म्हणतं, ती लाल स्वेटरवाली आहे ना, ती दरवर्षी कुत्र्याचं नाव घेते. टाळ्या, आणि खाली. उंचीनं उभे करतात, बुटके आधी. कोल्बी मध्येच कुठेतरी येईल. आर्वो शेवटचा. तो बघ, भिंतीपाशी, निळी टोपी, ताडमाड. दिसला? फीत बघ कशी धरलीये, दोन्ही हातांनी, सांडेल की काय अशी. तो इतकी वर्षं एकच वाक्य बोलतो – माझी आई उभी होती. मग आई इथून घंटा वाजवते आणि तो खाली येतो. घंटा वाजल्याशिवाय येत नाही. एकदा ती बाथरूमला गेली होती, तर तो तसाच माईकपाशी उभा, अख्खं जिम थांबलं, कुणीतरी धावत जाऊन तिला घेऊन आलं. आई ओले हात फ्रॉकला पुसत वाजवतेय आणि सगळे हसतायत.

आज काय बोलेल मला माहीत नाही. गाडीत सांगितलंय मी त्याला काय बोलायचं ते. दोनदा सांगितलं. तो म्हणाला, 'बरं.' पण त्याचं 'बरं' म्हणजे ऐकलं एवढंच, करीन असं नाही. त्याला खोटं बोलता येत नाही गं. आईनं शिकवून पाहिलं – मोठं खोटं नाही, आपलं पाहुण्यांसमोरचं, कुणी वाढलेलं आवडलं नाही तरी छान म्हणावं, तेवढंच. तर हा म्हणायचा, 'छान आहे, पण कच्चं आहे.' पाद्रीबाईंना म्हणाला एकदा, चर्चच्या तळघरात, सगळ्यांसमोर – 'तुमची कॉफी म्हणजे गरम पाणी.' होतं खरं ते. इतकी वर्षं सगळे पीत होते, कुणी बोललं नव्हतं.

तर तेच बसलेय बघत. आता त्याच्यापुढे किती राहिलेत ते बघते आणि मनात म्हणते, उठावं आणि त्याचा कोट घेऊन निघून जावं. लांबचा रस्ता आहे, बर्फ पडणार आहे, कुणी काही म्हणणार नाही. पण तो यायचा नाही. जेवणाआधी जायचं नाही हा नियम आहे ना. नियम म्हटलं की आर्वो.

घंटा कसली म्हणजे, गाईच्या गळ्यातली. आजोबांची एकच गाय होती, तिची. आर्वो पहिल्यांदा पळाला तेव्हा पोरगाच होता, भलतीकडेच पळायचा, झाडं दिसली की झाडांकडे, लोक दिसले की लोकांकडे. आईनं गोठ्यातून घंटा आणली, रेषेच्या पलीकडे उभी राहिली आणि वाजवत सुटली. गाईसारखा आला सरळ. आम्ही हसलो, तीही हसली. पण मग तेच झालं. घंटा म्हणजे रेषा. गाडीत खणखण नको म्हणून ती तिच्यात रुमाल कोंबून ठेवते, सीटखाली. ठेवायची.

कॉफी घे ना. माझी नको, माझी गार झालीये, सकाळपासून हातातच आहे.

तर आज सकाळी तो पळाला. छान पळाला. आणि रेषेच्या अलीकडे, हे इथून त्या खांबाएवढं अंतर असेल, थांबला. गचकन. मी पलीकडे उभी होते, हातमोजे घालून, हात रिकामे. 'ये,' म्हटलं, 'आर्वो, ये.' तो माझ्याकडे बघतोय. रागानं नाही, नुसता बघतोय. म्हणाला, 'घंटा नाही.' घड्याळ चालू. मागून एक गेली, दुसरा गेला, तुझा कोल्बी गेला – तो तर थांबून विचारत होता ना त्याला, काय झालं म्हणून? गुणी आहे पोरगा. शेवटी गॉर्डी, आमचे कोच, बाजूनं हाका मारमारून दमले तेव्हा कुठे एकेक पाऊल टाकत आला. आणि घंटा गाडीत. सीटखाली. मला माहीत होतं. विसरले बिसरले नव्हते. सीटखाली हात घालायचा आणि तो रुमाल काढायचा, एवढंच काम होतं, ते नाही झालं माझ्याच्यानं.

मग गॉर्डी आले. भला माणूस आहे, आर्वोला लहानपणापासून ओळखतो. म्हणाले, 'सायमा, ही काही याची खरी वेळ नाही. मी आत जाऊन सांगतो, दुपारच्या आधी सांगितलं तर ते वरच्या गटात टाकतात. फक्त कारण दे मला काहीतरी. काय झालंय त्याला?' मग म्हणाले, 'आणि हेल्मी कुठे आहे? दिसत नाही ती.' 'गुडघा,' म्हटलं मी. 'असं होय. तिला म्हणावं, म्हातारे, तू नाहीस तर कॉफीही वाईट झालीये. बरं, आर्वोचं काय?' मी म्हटलं, 'काही नाही. आज असाच आहे तो. टाकतील तिथे राहू दे.' ते टोपी कानावर ओढून वळले. मग गेले. एक वाक्य बोलायचं होतं गं, चार शब्दांचं. ते नाही बोलले. म्हणून तो तुमच्या गटात पडला, एवढंच आहे सगळं. मे महिन्यात जमीन मोकळी झाली की मग सांगेन त्यांना, नीट, सगळं झाल्यावर –

काय म्हणाले मी?

बरं. म्हणाले असेन.

गेली ती. ख्रिसमसचं झाड उतरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. खुर्चीत बसली होती, मोजे विणत होती आर्वोचे, मी माझ्या घरी होते, आणि आर्वोनं फोन केला मला. 'आई सुई उचलत नाहीये,' म्हणाला. गुडघा तिचा अगदी ठणठणीत होता. शेवटपर्यंत जिना चढायची. गुडघ्यावर सगळं ढकलतेय मी सकाळपासून, बिचाऱ्या गुडघ्याचा काय दोष.

तू खालून आलीयेस ना, डेट्रॉईटकडून? मग तुला माहीत नसेल. इथे हिवाळ्यात गेलेलं माणूस पुरता येत नाही. जमीन नुसतं लोखंड. दफनभूमीच्या फाटकापाशी एक दगडी खोली आहे, तिथे ठेवतात. आमच्या गावातले जितके या हिवाळ्यात गेले, सगळे तिथेच. मेमध्ये बर्फ वितळला की एकेकाला बाहेर काढून नीट करायचं – पाद्री, गाणी, तळघरात जेवण. तोवर आपलं मधलंच. गेलीही आहे आणि कुठे गेलीही नाही. मी म्हटलं, तेव्हाच सांगू सगळ्यांना, एकदाच. पेपरात दिलं नाही, या लोकांना कळवलं नाही. आर्वोलाही म्हटलं, मेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. 'का?' म्हणाला. मी म्हटलं, 'कारण अजून झालेलं नाही.' ते त्याला पटलं. म्हणजे नियम म्हणून पटलं. आईला घरातून नेलं तेव्हा तो होता ना तिथे, त्यानंच दार धरलं होतं. त्याला माहीत आहे सगळं. माझ्यापेक्षा नीट माहीत आहे त्याला.

नाही, मी बरी आहे. खरंच. रडले नाही अजून. कुणी विचारलं तर काय सांगू – वाईट वाटतंय असंही नाही. खूप वेळ पायावर बसलं की पाय झोपतो ना, आपलाच असतो पण हात लावला तरी कळत नाही, तसं आहे. माझं घर बंद केलं, तिच्या घरी आले राहायला. मांस-बटाटा भरलेल्या पास्टी गरम करते, तीन काढते, एक परत ठेवते. आर्वो बघत असतो. त्याचे मोजे कुठल्या खणात, सॉनाला, वाफेच्या अंघोळीला, आधी तो जातो की मी जायचं, दाढी कोण करून देतं, मला काही ठाऊक नाही, सगळं तिनंच केलेलं. मी आपली रविवारी जाणारी मुलगी होते, केक घेऊन. आता त्यालाच विचारते, 'आई काय करायची रे?' आणि तो सांगतो. शांतपणे सांगतो. मीही शांतपणे करते. दोघंही इतकी शांत आहोत की घड्याळाचा त्रास होतो.

हा तुझा, उठला. जा ना पुढे. नको? बरं, इथून ऐक.

ऐकलंस? 'माझी मम्मी उभी होती, ती खूप ओरडली.' छान बोलला. ओरडलीसच तू, मी बाजूलाच होते. अगं – रडतेस काय. थांब, माझ्याकडे आहे. घे, पूस. आईचा आहे, खोकल्याच्या गोळ्यांचा वास येईल जरा. हो, तोच. घंटेतला.

काढला मग दुपारी. आर्वो त्या सुरुवातीच्या दोरीपाशी उभा होता, तुमच्या गटात, सगळ्यांत उंच, आणि इकडे बघत होता. रेषेकडे. मला नाही बघत, रेषेकडे. मी म्हटलं, हा पुन्हा थांबणार. आणि चालत गाडीपाशी गेले. आता तुला वाटेल हिला नियम ठाऊक नव्हता, किंवा त्या वेळी लक्षात आला नसेल. तसं काही नाही. गाडीचं दार उघडून उभी होते तेव्हाच कळलं होतं मला – घंटा वाजवली तर हा पळणार, आणि पळाला की बाद. हळू पळ म्हणून त्याला सांगता येत नाही, घंटेला तो हळू पळत नाही. आणि नाही वाजवली तर बिनबोभाट सगळ्यांत शेवटी येईल, एखादी फीत मिळेल, कुणी दोष देणार नाही. उभी राहिले तिथे. मग मला वाटलं, सकाळी थांबला, दुपारीही थांबला, तर पुढच्या वर्षीही थांबेल. रेषेच्या अलीकडे. तिथेच राहील मग तो, मेपर्यंत नाही, कायमचा, आणि मी पलीकडे हातमोजे घालून 'ये, ये' करत. त्यापेक्षा होऊ दे बाद. खोटं हळू पळणाऱ्याला मेडल नाही, म्हणायची आई. आर्वो सकाळी खोटं नव्हता पळाला. खोटं मीच बोलत होते, त्याचं फळ त्याला. तर मी सीटखाली हात घातला.

आणि वाजवली. दोन्ही हातांनी. तू वळून बघितलंस माझ्याकडे, आठवतंय, तुला वाटलं असेल ही बाई वेडी आहे. तो आला. बघितलंस ना कसा आला? सत्तेचाळीस वर्षांचा आहे तो. ओलांडून थेट माझ्यापर्यंत, घंटा घेतली हातातून, आत वाकून बघितलं. म्हणाला, 'रुमाल कुठे?' 'खिशात,' म्हटलं. म्हणाला, 'तू आईसारखी नाही वाजवत.' नाहीच वाजवत. पण आला ना. त्या क्षणी मला वाटलं, आता येईल रडू. नाही आलं. मग शर्यतीच्या पंच बाई आल्या, हातात शिटी, फार वाईट वाटत होतं त्यांना, नियम सांगायला लागल्या. मी म्हटलं, 'माहीत आहे हो.' आर्वो म्हणाला, 'मी पहिला आलो.' 'हो,' म्हटलं. 'मग?' 'मग नियम.' 'बरं,' म्हणाला आणि फीत घेतली. एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

दोनच राहिले. तो उंच मुलगा, आणि मग हा.

मी त्याला गाडीत काय शिकवलं माहीत आहे? म्हटलं, दरवर्षी म्हणतोस तेच म्हण. 'माझी आई उभी होती.' तेवढं म्हण, मी घंटा वाजवते, आपण जेवतो आणि घरी जातो. आता लाज वाटते सांगायला. तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, 'पण ती नसेल ना उभी.' मी रेडिओ लावला.

चालला. टोपी नीट केली बघ. आईनं शिकवलंय, माईकपुढे टोपी सरळ. नाही, धरू नको हात, मी ठीक आहे. गप्प आता. ऐकू दे.

'माझी आई उभी नव्हती.'

आर्वो.

'आई मेली. ती दगडी खोलीत आहे. मे महिन्यात पुरायची आहे. सायमानं सांगितलं होतं, कुणाला सांगायचं नाही.' – बघतोय माझ्याकडे. सगळ्यांत मला शोधून बघतोय. – 'सायमा उभी होती. सायमानं घंटा वाजवली.'

कुणी टाळ्या वाजवत नाहीये. सगळे वळलेत इकडे. गॉर्डींनी टोपी काढली बघ. आता येतील ते. सगळे येतील आता, डबे घेऊन, घरी, उद्यापासून. येऊ देत.

पण हा उतरत का नाही? झालं ना बोलून. उतर रे, बाळा. माईक बंद झाला, ती माईकवाली बाई त्याला खाली ये म्हणतेय, आणि हा आपला –

हो. घंटा.

पिशवी दे गं. नको, तू नको काढू, तू नाही वाजवायची. तो रुमाल ठेव तुझ्याकडेच, नंतर घेईन.

सरक जरा. जाऊ दे मला पुढे.